मनाचे मार्क

सोमवारी सकाळी दहा वाजता वृद्धनिवासाची गाडी अक्काला न्यायला येणार होती. त्याआधीच्या शनिवारी, दुपारी दीडच्या सुमाराला, माझी विद्यार्थिनी रूथ समुद्रे आमच्या घरी आली आणि तिनं मला माझ्याबद्दलची एक गोष्ट दाखवली. ती मी अजून कुणाला नीट सांगू शकलेलो नाही. आयुष्यभर मी इंग्रजी शिकवलं, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेलं तपासलं. स्वतः काही सांगायची सवय नाही. क्रम चुकला तर सांभाळून घ्यावं.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, मथुरा. ती पंच्याऐंशी वर्षांची, मी त्र्याहत्तर. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि अक्का अठराची. तिनं शिवणकामाचा वर्ग चालवला, मला एम. ए. केलं, आणि या सगळ्यात तिचं लग्न राहून गेलं. माझं लग्न राहिलं त्याला कारण काही नाही, कुणाला विचारायचं धाडस झालं नाही इतकंच. मिरजेत दोन खोल्यांच्या घरात आम्ही दोघं राहतो. तिचा उजवा गुडघा गेलाय, एका डोळ्यानं धूसर दिसतं. न्हाणीघरात जाताना तिला हात द्यावा लागतो, आणि हात देताना मला दुसऱ्या हातानं भिंत धरावी लागते. ही सगळी खरी कारणं आहेत. तेवढं लक्षात ठेवावं, कारण पुढं मी जे सांगणार आहे त्यानं ती खोटी ठरत नाहीत.

आता माझ्या नियमाबद्दल. एकतीस वर्षं शाळेत आणि नंतर घरी, परदेशी जाणाऱ्या नर्सबाईंच्या इंग्रजीच्या शिकवणीत, मी एकच नियम सांगत आलो. छापलेल्याशी भांडायचं नाही. निबंधाच्या प्रश्नात एक विधान देतात आणि विचारतात, आपण याच्याशी कितपत सहमत आहात. आपण पूर्ण सहमत व्हायचं. सहमत झालं की प्रश्नातलेच शब्द उत्तरात वापरता येतात, वाक्यं सरळ राहतात, चुका कमी होतात. विरोध करायचा तर 'जरी', 'तथापि', 'असे असले तरी' अशी वळणं घ्यावी लागतात आणि आमची मुलं तिथंच घसरतात. शिवाय छापलेलं वाक्य म्हणजे कुणी तरी मोठ्या माणसानं म्हटलेलं, त्याला नाही कसं म्हणायचं, हा भाव मुलांमध्ये असतोच. माझ्यातही होता. बायकांनी नोकरी करू नये, या विधानाशी पूर्ण सहमती दाखवणारा देखणा निबंध लिहून माझी एक विद्यार्थिनी नोकरीसाठी ऑस्ट्रेलियाला गेली. आम्ही त्यावर खूप हसलो होतो. निबंध हा निबंध, मत हे मत, असं मी म्हणायचो.

मग पाटी आली.

यंत्रं माणसांपेक्षा चांगले निबंध लिहू लागली, तेव्हा परीक्षा घेणाऱ्यांची पंचाईत झाली. समोर आलेलं वाक्य मुलानं स्वतः घडवलंय की कुठलं तरी पाठ करून ओतलंय, हे ओळखायचं कसं? उत्तर शेवटी हातातच सापडलं. आपल्या मनातलं लिहिताना पुढचा शब्द हात तिथं पोचायच्या आधीच तयार असतो. मनात नसलेलं लिहिताना मेंदूला दोन कामं करावी लागतात. स्वतःचं वाक्य दाबून ठेवायचं आणि दुसरं पुढं करायचं. त्या दाबण्याला वेळ लागतो. फार नाही, सेकंदाचा विसावा-पंचविसावा भाग. पेनवरची पकड किंचित आवळते, नजर मागच्या शब्दाकडं एकदा जास्त वळते. माणसाला यातलं काही कळत नाही. पण एका काचेवर, मोजणाऱ्या पेननं लिहायला लावलं आणि वर डोळ्यांवर लक्ष ठेवणारी एक टिकली बसवली, तर प्रत्येक वाक्य लिहिणाऱ्याला किती पटलंय याचा आकडा काढता येतो. परीक्षा आता त्या काचेवरच होते. कंपनीनं तिला लांबलचक नाव दिलंय, मिरजेतली मुलं तिला पाटी म्हणतात. निकालात दोन रकाने असतात. मुलांच्या भाषेत, भाषेचे मार्क आणि मनाचे मार्क.

सरावासाठी तशीच पाटी भाड्यानं मिळते. रूथनं गेल्या जूनमध्ये ती आणली.

रूथ सव्वीस वर्षांची. इथल्याच एका इस्पितळात वृद्धांच्या वॉर्डात नर्स आहे. वडील चर्चमध्ये पेटी वाजवतात. इंग्रजी तिचं मुळातच चांगलं होतं, माझी गरज तिला निबंधापुरतीच होती. पाटीची सराव करून घ्यायची एक पद्धत आहे. ज्या विषयावर मनाचे मार्क सगळ्यांत कमी पडतात तोच विषय ती पुन्हा पुन्हा देते, मार्क वाढेपर्यंत. रूथला पहिल्या आठवड्यातच एका विषयावर सात मार्क पडले. विधान असं होतं: वृद्ध माणसं घरापेक्षा निवासी संस्थेत अधिक सुखी असतात.

"सर, हे मला पटत नाही," रूथ म्हणाली.

"पटायचा प्रश्न कुठं येतो? इंग्रजीचा पेपर आहे."

"मनाचे मार्क आहेत की."

"मग तेवढ्यापुरतं पटवून घे. पेपर झाला की सोडून दे."

"पटवून घेतलेलं सोडता येतंय होय, सर?"

मी हसलो होतो. ती हसली नव्हती.

"माझ्या वॉर्डात बावीस म्हातारी माणसं आहेत," ती म्हणाली. "भेटीचे चार वाजले की सगळ्यांची तोंडं दाराकडं. ज्यांच्याकडं कुणी येत नाही त्यांचीसुद्धा."

"उदाहरण छान आहे. पण विरुद्ध बाजूचं आहे."

"ते मला ठाऊक आहे."

"छापलेल्याशी भांडायचं नाही, रूथ."

"भांडत नाही. नुसती लिहीत बसते. बघू कोण दमतंय, मी का ती पाटी."

पाटी दमली नाही आणि रूथही दमली नाही. जून ते डिसेंबर ती आठवड्यातून दोनदा यायची, बहुतेक वेळा तोच विषय निघायचा, आणि तिचे मार्क सात, नऊ, सहा, आठ असेच राहायचे. ती लिहून झाली की मी आदर्श उत्तर लिहून दाखवायचो. कागदावर लिहिलं तर पाटीवरची बोटांची लय तिला कशी कळणार, म्हणून मीही पाटीवरच लिहायचो. तिच्या आकड्यांत माझे मिसळू नयेत म्हणून तिनं मला वेगळ्या खात्यात टाकलं होतं. 'दुसरा' असं त्याचं नाव. माझे आकडे मी कधी पाहिले नाहीत. मी काय परीक्षा देणार होतो?

उत्तर लिहून झालं की आत स्वयंपाकघरातून अक्का विचारायची, "आज काय लिहिलंस रे?" मग मी तिला ते मराठीत सांगायचो. तिला ऐकायला आवडायचं. भाजी निवडता निवडता ती मान हलवायची.

नोव्हेंबरातली एक सकाळ. आम्ही दोघं घेवड्याच्या शेंगा मोडत बसलो होतो आणि एकदम मला स्वच्छ दिसलं की अक्कानं निवासात राहावं. पन्हाळ्याच्या रस्त्यावर ते निवास आहे. मोकळी हवा, नर्सबाई, बरोबरीची माणसं. हा विचार मला सुचला असं म्हणणं कमी पडेल, तो आधीपासून तिथं बसलेलाच होता आणि मी फक्त दिवा लावला असं वाटलं. माझ्यासारख्या माणसाला हे नवल होतं. मला कशाचीच खात्री नसते. माहीत असलेल्या शब्दाचं स्पेलिंगही मी कोशात बघतो. खिडकीच्या पडद्याचा रंग ठरवायला मला तीन महिने लागले आणि शेवटी तो अक्कानंच ठरवला.

"अक्का," मी म्हटलं, "तू निवासात राहिलीस तर तुला जास्त बरं वाटेल."

तिचा हात थांबला. "तुला खरंच असं वाटतं?"

"हो. खात्रीनं."

तिनं माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर एक वेगळाच भाव होता. त्याला मी समाधान समजलो.

"बरं," ती म्हणाली, आणि पुढची शेंग घेतली.

रूथची परीक्षा जानेवारीत झाली. सुरुवातीला म्हटलं त्या शनिवारी ती निकाल सांगायला आली होती. हातात भडंगाची पिशवी होती आणि खांद्याला पाटी, कारण पाच वाजायच्या आत ती केंद्रावर परत करायची होती.

"भाषेचे ब्याण्णव," ती म्हणाली. "मनाचे सत्त्याण्णव."

"सत्त्याण्णव? विषय कुठला आला?"

"तोच."

"म्हणजे शेवटी पटलं तुला."

"नाही, सर. मी नाही म्हणून लिहिलं."

मला नीट उमगलं नाही. "कुठल्या परिच्छेदात?"

"पहिल्याच ओळीत. मी अजिबात सहमत नाही, असं."

खरं सांगतो, भर वर्गात कुणी हेडमास्तरांना उलट बोलावं तसं वाटलं. "असं चालतं?" मी विचारलं.

"प्रश्नातच विचारलंय की, कितपत सहमत आहात. शून्य पण चालतं, हे तुम्ही कधी सांगितलंच नाही."

 एकतीस वर्षं मी तो प्रश्न वाचत आलो होतो आणि तो प्रश्न आहे हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

तेवढ्यात रूथची नजर कॉटवरच्या बॅगेवर गेली. अक्कानं तिच्यात चार लुगडी, शाल आणि शिवणाची कात्री भरून ठेवली होती.

"आजी कुठं निघाल्या?"

"निवासात. परवा सोमवारी."

"गावाला जाऊन येणार, तसं?"

"नाही. कायम."

"कुणी ठरवलं?"

"मी."

"तुम्ही?" रूथ म्हणाली. त्या एका शब्दात तिचा मला ओळखण्याचा सगळा अनुभव होता. मग ती खुर्चीवर बसली आणि तिनं पाटी उघडली.

"परत द्यायच्या आधी सगळं पुसायचं म्हणून सकाळी मी ही उघडली होती," ती म्हणाली. "हे बघितलं आणि हसत हसत आले, की आज सरांना चिडवायचं. आता हसू येत नाही. बघा तुम्हीच."

काचेवर 'दुसरा' असं वर लिहिलं होतं आणि खाली एक रेघ होती. सदतीस ठिपके, म्हणजे त्या एकाच विषयावर मी लिहिलेले सदतीस निबंध. पहिला ठिपका जूनमधला, त्याखाली आकडा नऊ. मग अकरा, दहा, सोळा. ऑगस्टात तीस. दसऱ्याच्या सुमाराला चौपन्न. घेवड्याच्या शेंगा मोडल्या त्या आठवड्यात अठ्ठ्याहत्तर. शेवटचा ठिपका डिसेंबरातला, एक्क्याण्णव.

मी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. रेघ तशीच होती. जिन्यासारखी चढत गेलेली.

"हे माझं इंग्रजी सुधारलं असेल," मी म्हणालो.

"हे मनाचे आहेत, सर."

इथं थोडं थांबून एक सांगायला हवं. ते मला त्याच वेळी आठवलं. मानसशास्त्राच्या लोकांना जवळजवळ ऐंशी वर्षांपासून एक गोष्ट माहीत आहे. माणसाला त्याच्या मताविरुद्ध लिहायला लावलं, आणि फारशी जबरदस्ती न करता लावलं, तर त्याचं मत लिहिलेल्याच्या दिशेनं थोडं सरकतं. 'मी हे लिहिलं' आणि 'मला हे पटत नाही' या दोन गोष्टी मन फार काळ शेजारी शेजारी ठेवत नाही. लिहिलेलं तर पुसता येत नाही. मग पटणं बदलतं. पूर्वी हे सरकणं बारीक असायचं, आठवड्याभरात विरून जायचं. पाटीनं त्याला मोजपट्टी लावली. वाक्य जमलं की कडेला हिरवी रेघ यायची, नाही जमलं की पुन्हा तोच विषय. त्या हिरव्या रेघेकडं मी मान वर करून कधी पाहिलं नाही, पण डोळ्याच्या कोपऱ्याला ती दिसत असणारच.

पाटीबरोबर आलेलं माहितीपुस्तक मी ठेवून घेतलं होतं. छापलेलं काही मी टाकत नाही. कपाटातून काढलं, एक्केचाळिसावं पान उघडलं. तिथं जाहीरच लिहिलेलं होतं, लपवलेलं काही नव्हतं: नियमित सरावानं, परीक्षार्थीची विषयाबद्दलची खात्री सरासरी सहा पटीनं वाढते. हे वाक्य मी जूनमध्येच वाचलं होतं. कारण त्याच्या शेजारी, माझ्याच पेन्सिलीनं, बारीक अक्षरात शेरा होता. 'स्वल्पविराम अनावश्यक.'

"सर, पाणी देऊ?" रूथनं विचारलं.

पाटी येऊन दोन वर्षं झाली. या दोन वर्षांत साठ-पासष्ट मुलं माझ्या हाताखालून गेली आणि रूथ सोडून सगळ्यांनी माझा नियम पाळला. लहान वयात घर सोडणं हितकारक असतं, यावर अकरा निबंध लिहिलेला एक मुलगा होता. त्याची आई दिवाळीत मला बाजारात भेटली. तो फोन उचलत नाही हो, असं म्हणत होती. मी तिला म्हटलं होतं, तिकडं कामाचा ताण असतो. मातृभाषा विसरली तरी नुकसान नाही, हे लिहिणारी एक होती. ती मला आता इंग्रजीतच लिहिते, आणि मला त्याचा अभिमान वाटायचा.

"म्हणजे अक्काबद्दलचं हे माझं मत नाही," मी म्हणालो.

"मग कुणाचं आहे?"

"प्रश्नपत्रिकेचं."

"पण वाटतं तर तुम्हालाच ना? आत्ता, या मिनिटाला काय वाटतंय?"

मी आत पाहिलं. तो विचार तसाच बसलेला होता, शांत, उजेडात. मोकळी हवा, नर्सबाई, बरोबरीची माणसं. कुठून आला ते कळूनही तो जागचा हलला नव्हता. मला त्याची भीती वाटली.

"इकडं दे ती पाटी," मी म्हणालो. "मी उलट लिहितो."

आयुष्यात पहिल्यांदा मी 'सहमत नाही' असं लिहायला बसलो. पहिल्या वाक्याला आठ पडले. हात जड झाला होता, शब्द शोधून आणावे लागत होते. दुसऱ्या परिच्छेदात तेरा. मग अक्कानं शिवलेल्या माझ्या शाळेच्या सदऱ्याबद्दल लिहिलं, त्याला एकोणीस. पान संपता संपता चोवीस झाले, आणि छातीत कुठं तरी काही तरी सैल होऊ लागलं. नको, राहू दे तिला घरी. तो आवाजही अगदी माझाच होता. मी पेन खाली ठेवलं. आणखी वीस पानं लिहिली असती तर मला हेही एक्क्याण्णव मार्कांनी पटलं असतं. माझं म्हणून जे होतं ते या दोन्हींच्या खाली कुठं तरी असेल, किंवा नसेल. पहिला नऊचा ठिपकासुद्धा मत होता की नुसती सवय, मला सांगता येणार नाही.

"काय खुडबूड चाललीय रे तुमची?" भिंत धरत धरत अक्का बाहेर आली. "पोरीला चहा तरी विचारलास का?"

"बस, अक्का. एक विचारायचंय."

ती कॉटवर, बॅगेशेजारी बसली.

"तुला निवासात जायचंय का?"

"आता परवा गाडी येणार, आणि आज विचारतोस?"

"सांग ना."

तिनं पदर नीट केला. "हो की. एक तर तिथं बरोबरीची माणसं असतात. दुसरं म्हणजे औषधपाणी वेळच्या वेळी होतं. आणि घरी म्हातारं माणूस असलं म्हणजे तरुणांच्या आयुष्यावर त्याचा भार पडतो."

"आजी," रूथ म्हणाली, "या घरात तरुण कोण आहे?"

अक्कानं बॅग जवळ ओढली. मी बघत राहिलो. ती माझ्या निबंधातली तीन कारणं होती, माझ्याच क्रमानं. सदतीस वेळा मी तिला ती ऐकवली होती. रूथनं दंड धरला म्हणून, नाही तर मी खुर्चीवरून उठलो असतो आणि कुठं गेलो असतो कोण जाणे. मी फक्त स्वतःलाच नव्हे तर तिलाही बिघडवलं, असंच मला वाटलं.

"थांबा, सर," रूथ हळूच म्हणाली. "ऐकून नुसतं पाठ पण होतं. आजी, जरा हे पेन धरता का?"

"मला कुठलं इंग्रजी."

"मराठीत लिहा. मनाचे मार्क देताना ही अक्षरं वाचत नाही, फक्त हात आणि डोळे बघते. मी यावर बाजाराची यादी करून बघितलीय."

अक्का सातवीपर्यंत शिकलेली. अक्षर मात्र टाक्यांसारखं एकसारखं. रूथ सांगेल ते ती लिहू लागली. माझं नाव मथुरा आठल्ये. शहाण्णव. मी शिवण शिकवत असे. पंच्याण्णव. मला कारलं फार आवडतं, असं रूथनं मुद्दाम सांगितलं. पाच पडले.

"लबाड आहे की ही," अक्का म्हणाली. तिला गंमत वाटू लागली होती. "मी माझ्या मनानं एक लिहू?" आणि तिनं माझं घरचं नाव घालून लिहिलं, शिनू हुशार आहे. एक्कावन्न.

रूथनं तोंड फिरवलं. अक्का मला म्हणाली, "डोळ्याचा दोष असेल रे. दिसत नाही मला नीट."

"आता लिहा," रूथ म्हणाली, "मला निवासात सुखानं राहायचं आहे."

अक्काचा हात काचेवर टेकला आणि थांबला. सेकंदाचा विसावा भाग नव्हे, चांगलाच थांबला. मग तिनं एकेक अक्षर काढलं. वाक्य पूर्ण झालं, शेवटी पूर्णविरामही दिला. कडेला आकडा आला. चार.

रूथनं काच माझ्याकडं वळवली. 

"मशिनला काय कळतंय," अक्का म्हणाली.

"कारल्याचं कळलं की, आजी."

"अक्का," मी म्हणालो.  "मग हो का म्हणालीस?"

तिनं पेन रूथच्या हातात दिलं आणि बोटं पदराला पुसली, शाई लागल्यासारखी.

"तू खात्रीनं म्हणालास, शिनू," ती म्हणाली. "त्र्याहत्तर वर्षांत तुझ्या तोंडून मी तो शब्द ऐकला नव्हता. कॉलेज कुठलं ते मी ठरवलं, नोकरी घ्यायची का ते मी ठरवलं, पडद्याचा रंग पण मीच. मला रोज वाटायचं, मी गेल्यावर हा कसं करेल. आणि त्या दिवशी तू शेंगा मोडता मोडता असा सरळ बोललास. म्हटलं, आला एकदाचा सुधारून. आता याचं पहिलंच ठरवलेलं मी मोडायचं? म्हणून मग कारणं पाठ केली. उगाच कुणी विचारलं तर अडखळायला नको."

मी तिच्याकडं बघत राहिलो. त्या सकाळी तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते समाधानच होतं, माझं वाचन चुकलं नव्हतं. ते कशाचं होतं तेवढं मला कळलं नव्हतं. बारा आठवडे ती घर सोडायची तयारी करत होती, कारण तिच्या धाकट्या भावाला एकदा काही तरी ठाम वाटलं होतं. आणि ते वाटणं सदतीस पानांतून आलेलं होतं.

"ते माझं नव्हतं, अक्का," मी म्हणालो. "या पाटीनं घातलं ते माझ्यात."

"हो का?" ती म्हणाली. तिचा चेहरा उतरला. हे मला सगळ्यात जास्त लागलं. "म्हणजे तू आहेस तसाच आहेस."

"तसाच आहे."

"बरं," ती म्हणाली.

चार वाजत आले होते. रूथनं पाटी पिशवीत भरली, पण निघाली नाही, दाराशी उभी राहिली. मी निवासाचा नंबर लावला. फोन करायचा म्हटलं की मी एरवी आधी कागदावर वाक्यं लिहून घेतो. या वेळी काही लिहिलं नाही. लिहायचीच भीती वाटली.

तिकडून एका मुलीनं उचलला. मी नाव सांगितलं, सोमवारची गाडी पाठवू नका म्हणालो. हे बोलत असताना माझं मन मला स्पष्ट सांगत होतं की मी चूक करतोय. ती तिथं सुखी झाली असती. न्हाणीघरात एखाद्या दिवशी आम्ही दोघंही पडू. प्रत्येक शब्द तोंडाशी येऊन अडत होता आणि मला तो ढकलावा लागत होता.

"पुढच्या आठवड्यात पाठवू का, सर?"

"नाही. नावच काढून टाका."

"पण तुमच्या फॉर्मवर तुम्ही स्वतः लिहिलंय, पूर्ण विचारांती निर्णय घेतला आहे." ती कागद चाळत असावी. "सर, नक्की रद्द करायचं ना?"

अक्का माझ्याकडं बघत होती. तिच्या चांगल्या डोळ्यानं.

"नक्की नाही," मी म्हणालो. "तरी रद्द करा."